आखाजीच्या ओवीची दुसरी ओळ

अनसे, तू गेलीस तेव्हा मला आधी रडू आलं नाही, हेवा वाटला. दुपारी जेवलीस, ताट घासून पालथं घातलंस, सुपारी कातरून तोंडात टाकलीस आणि खाटेवर आडवी झालीस ती झालीसच. तुझी सून कुसुम चहाला उठवायला आली तेव्हा कळलं. ना दवाखाना, ना अंथरूण धरणं, ना सुनेची कुरकुर. मी तुझ्याहून सात वर्षांनी मोठी. माझे गुडघे गेले, एका डोळ्यात फूल पडलं, आणि मी आहे इथंच. तुझ्या पायाशी बसून मनात म्हटलं, हेही हिलाच मिळालं.

तेराव्याला लोक तुझ्याबद्दल पुष्कळ चांगलं बोलले. वरवट बकालहून आले, शेगावहून आले. एकजण म्हणाला, गावाचं नाव नागपुरापर्यंत नेलं. दुसरा म्हणाला, कोकिळा गेली. तू कोकिळा नव्हतीस. कोकिळेला भाकरी थापाव्या लागत नाहीत. तू एक काळी, ठेंगणी, तोंडाळ बाई होतीस आणि माझी धाकटी जाऊ होतीस. मला तुझ्याशी दोन गोष्टी बोलायच्या राहिल्या. एक माझ्या हक्काची आहे, एक माझ्या गुन्ह्याची. हक्काची आधी बोलते, कारण ती सोपी आहे.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा घरात चौदा तोंडं होती आणि त्यांचं सगळं पीठ आपण दोघी दळत होतो. जातं मोठं होतं, एकटीच्यानं ओढायचं नव्हतं. समोरासमोर बसायचं, एकाच खुंट्याला दोघींचा हात. ओवीचंही तसंच. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं ती पुरी करायची. टाकणारीला काय, समोर जे दिसेल ते टाकावं. पुरी करणारीला डोकं लागतं. तू टाकायचीस, मी पुरी करायची. आवाज तुझा बरा होता. बरा कशाला म्हणू, चांगला होता. पहाटे तू तोंड उघडलंस की शेजारचं लेकरू रडायचं थांबायचं. माझा आवाज जात्यात मिसळून जायचा, त्याला वेगळं कोणी ऐकलं नाही.

मग ती आखाजी आली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाऊ गाडी जुंपून बहिणीला माहेरी न्यायला येतात, आणि ज्या बाईची गाडी येत नाही तिच्याकडे सारं गाव बघतं. तुला पाच भाऊ, पाचही धडधाकट. कोणी न्यायला जायचं यावरून त्यांच्यात भांडणं व्हायची. मला एकच होता, रोहिणखेडला. वाटेत मुक्काम करून यायचा, पण चुकायचा नाही. त्या वर्षी गावातल्या सगळ्या सुना गेल्या. तुझा भाऊ दुसऱ्या दिवशी यायचा होता, म्हणून तू होतीस. माझा यायला हवा होता, तो आला नव्हता. सकाळी दळताना तू ओळ टाकलीस:

“आखाजीच्या सनाले, साऱ्या गेल्या गाड्या”

मी दोन फेरे गप्प ओढले. मग माझ्या तोंडून निघालं:

“माह्या भावाच्या बैलाले, कोनी घातल्या बेड्या”

बेड्या कुठून आल्या मला माहीत नाही. बैलांना बेड्या कोणी घालत नाही. तू माझ्याकडे पाहिलंस आणि पुढची ओळ टाकली नाहीस. तिसऱ्या दिवशी रोहिणखेडचा माणूस निरोप घेऊन आला. भावाला पटकी झाली होती. आखाजीच्या आदल्या दिवशीच गेला. म्हणजे मी ओळ पुरी केली तेव्हा तो नव्हताच.

तुझा भाऊ तोवर गाडी घेऊन आला होता. तू त्याला परत पाठवलंस. तेरा दिवस ते दोघींचं जातं तू एकटीनं ओढलंस. तळहाताची साल निघाली, तिथं हळद लावून पुन्हा ओढलंस, आणि एक ओवी तोंडातून काढली नाहीस. हे मी विसरले नाही. विसरता आलं असतं तर पुढचं मला सोपं गेलं असतं.

महाराष्ट्र झाल्यानंतर दोन-तीन वर्षांनी तो नागपूरचा माणूस आला. रेडिओसाठी बायांची गाणी गोळा करत फिरत होता. शाळेच्या मास्तरांनी त्याला आपल्या दोघींची नावं दिली होती. दोघींची. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. त्यानं ओसरीवर यंत्र मांडलं, कानाला काहीतरी लावलं. आपण पायलीभर ज्वारी घेऊन बसलो, कारण रितं जातं फिरवायचं नसतं, त्यानं घरातलं धान्य जातं. तो रिकामं फिरवा म्हणाला असता तरी मी फिरवलं नसतं. पण तो भलतंच म्हणाला. दोन ओव्या झाल्यावर कानातलं काढून म्हणाला, “नुसता जात्याचाच आवाज येतोय. जातं थांबवा आणि तसंच गा.”

मी म्हटलं, जातं थांबल्यावर ओवी येणार कुठून? तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करते.

थांबवलं. हात मांडीवर ठेवला. तोंड उघडलं आणि आवाज आलाच नाही. आला तो मधेच तुटला. माझा श्वास त्या खुंट्याला बांधलेला होता, इतकी वर्षं, आणि मला ते ठाऊक नव्हतं. त्यानं माझ्याकडून तीनदा करवून पाहिलं. भला माणूस होता, चिडला नाही. माझा हात आपोआप हवेत गोल फिरायला लागला तेव्हा दाराआड मामंजी खाकरले आणि मी पदर तोंडावर घेतला.

तू काय केलंस? थांबलेल्या खुंट्यावर हात ठेवलास, डोळे मिटलेस आणि आखाजीची ओळ टाकलीस. मग थांबलीस. बरोबर दोन फेऱ्यांइतकी थांबलीस. माझ्यासाठी जागा ठेवली होतीस, मला कळत होतं. मी पदर काढला नाही. मग माझी ओळही तूच गायलीस. बेड्यांपाशी माझा आवाज कसा अडकला होता, तसाच तुझाही अडकला. तसाच. मी पदराआडून ऐकत होते.

त्यानं यंत्र उलटं फिरवून आपल्याला ऐकवलं. मामंजी दाराबाहेर येऊन उभे राहिले. तू म्हणालीस, “असा हाय का माहा आवाज? मले वाटलं लय बारीक असन.”

दोन महिन्यांनी पत्र आलं. त्यावर तुझं एकटीचंच नाव होतं.

तुला वाचता येत नव्हतं. मी चौथी पास. आपल्या घरात बायांमध्ये वाचणारी मी एकटी, आणि त्या एका गोष्टीचा मला ताठा होता. तू पत्र घेऊन माझ्याकडे आलीस. “बाई, काय लिवलं हाय पाहा बरं.” मी वाचलं. अमुक तारखेला नागपूरला यावं, गाणं आहे, सोबत एक माणूस आणता येईल. नीट वाचलं, शब्द न शब्द. त्या वेळी मी खोटं बोलले नाही.

मामंजी म्हणाले, आपल्या घरच्या बाया बाजारात गात नाहीत. तू पदर सावरून म्हणालीस, “बाजारात नाई मामाजी, खोलीत. दार लावून घेतात थे लोक.” म्हाताऱ्याला असा ठसका लागला की मला पाणी आणावं लागलं. शेवटी भाऊजी, तुझा नवरा, तुला शेगावहून आगगाडीत बसवून घेऊन गेले. गावातल्या बाया माझ्याकडे येऊन नाना बोलल्या. नाचीण झाली म्हणाल्या, आता लुगडं टाकून पातळ नेसेल म्हणाल्या. मी तुझी बाजू घेतली नाही. हो-ला हो मिळवलं.

पण तू त्या कामाला अशी चिकटलीस की माझ्यानं ते बघवत नव्हतं. चिंच सोडलीस, ताक सोडलंस, भर उन्हाळ्यात कोमट पाणी प्यायचीस. कापूस वेचताना ओळी घोकायचीस. कुठल्या गावात कोणत्या म्हातारीकडे जुनं गाणं आहे हे विचारत फिरायचीस. बीबी गावच्या एका म्हातारीकडून एक पाळणा आणायला दोन एसट्या बदलून गेलीस आणि तिच्या घरची भांडी घासून तो घेऊन आलीस. मग अकोल्याला बोलावणं आलं, शाळांमधून आलं. तू उभी राहून गायला शिकलीस. कुठं श्वास घ्यायचा, लाल दिवा लागला की खोकायचं नाही, कागद वाजवायचा नाही. तुझ्याकडे कागद कुठले, पण हे तू मला सांगायचीस.

मी एकदा म्हटलं, हे काय काम आहे का वं? तू म्हणालीस, “हाव बाई, कामच हाय. कापूस येचला का पाठ दुखते, गायलं का छाती दुखते. दुखते म्हंजे काम.” मी म्हटलं, दळताना गायचं ते काम, जात्याशिवाय गायचं ते सोंग. आपण यावर किती वेळा भांडलो. तोवर वरवट बकालला चक्की आली होती, घरात कोणी दळत नव्हतं. मी बोलत होते ते जातं कोपऱ्यात पडलं होतं. तू हे कधी माझ्या तोंडावर बोलली नाहीस. बोलायला हवं होतंस, मी हरले असते.

आता माझा हक्क. पंचायतीच्या रेडिओवर तुझं गाणं पहिल्यांदा लागलं तेव्हा सारं गाव गोळा झालं होतं. मी लांब, लिंबाखाली उभी होते. रेडिओवरच्या बाईनं तुझं नाव घेतलं आणि आखाजीची ओवी लागली. माझी ओळ आली तेव्हा बायांनी डोळ्यांना पदर लावले. शेजारची मला म्हणाली, “पाहा बरं, कसं सुचलं असन अनसूयाले.” तुला पाच भाऊ जिवंत, आणि माझ्या मेलेल्या भावाच्या बैलांवरून लोक तुझ्यासाठी रडत होते. त्यानंतर ती ‘अनसूयाबाईची ओवी’ झाली. लग्नात, बारशात, तीच म्हणायला लावायचे.

तू घरी आल्यावर मी वाटच पाहत होते. म्हटलं, “थे दुसरी ओळ माही हाय.”

“मी कुठं नाई म्हनलं बाई?”

“मंग सांगितलं काऊन नाई?”

“थे गाणारीचं नाव इचारतात. जोडणारीचं कोनी इचारतच नाई.”

“तू सांगाचं.”

“सांगीन पुढच्या बारी.”

पुढच्या बारी विचारलं तर गडबडीत राहिलं. त्याच्या पुढच्या बारीही तेच. मग मी विचारणं सोडलं. सांगितलंस की नाही मला आजवर ठाऊक नाही. हा माझा हक्क, आणि मी तो सोडलेला नाही.

आता दुसरी गोष्ट.

त्या वर्षी आखाजीच्या आधी पत्र आलं. खास सणाची गाणी होती, चार गावांच्या बाया बोलावल्या होत्या, आणि सगळ्यांत आधी तुझी आखाजीची ओवी घ्यायची असं त्यात लिहिलं होतं. तू समोर बसलीस, हात पुसत. पत्रात एकवीस तारीख होती. मी चोवीस वाचली.

जीभ अडखळली नाही, अनसे. आधी ठरवलंही नव्हतं. ‘आपली आखाजीची ओवी’ हे शब्द वाचले, त्यातलं ‘आपली’ डोळ्यात खुपलं, आणि पुढचा आकडा मी बदलून टाकला. तुला नोटा ओळखता यायच्या, आकडे येत नव्हते. भाऊजी वाचू शकले असते, पण बायांच्या पत्राला ते हात लावत नसत. तू “चोवीस” असं दोनदा म्हणून पाठ केलंस आणि लुगडं धुवायला गेलीस.

चोवीसला गेलीस. पंचवीसला दुपारी परत आलीस. मी ओसरीवर तुरीच्या डाळीतले खडे निवडत होते. तुझ्या पायांवर शेगावच्या वाटेची धूळ होती. भाऊजी तडक आत गेले. तू एवढंच म्हणालीस, “ज्यायचं गानं होतं थ्यायचं झालं, बाई. आपलं पुढच्या साली.” पाय धुतलेस, माझ्यासमोर बसलीस आणि माझ्या सुपातली अर्धी डाळ आपल्याकडे ओढून खडे निवडायला लागलीस.

मला बरं वाटलं. लाज वाटली असं लिहिलं तर खोटं होईल. पंचायतीच्या रेडिओवर त्या आखाजीला दुसरीच कोणी गायली, तेव्हाही बरं वाटलं. पुढं वर्षभर तुला पत्र आलं नाही. त्या वर्षात तू ताक प्यायली नाहीस. चिंच खाल्ली नाहीस. कापसाच्या ओळीत तुझा आवाज रोज यायचा, रेडिओचं पत्र उद्याच यायचं असल्यासारखा. तेव्हा कुठं मला बरं वाटायचं थांबलं.

वर्षानं पत्र आलं. तू पुन्हा माझ्याकडेच आलीस. पण या वेळी पत्र माझ्या हातात देण्याआधी तू त्याची घडी उघडलीस, तारखेखाली बोट ठेवलंस आणि म्हणालीस, “बाई, हा दोन आन् हा सात. सत्तावीस. बरोबर हाय ना?”

मी म्हटलं, हाव.

“मंग आता बाकीचं वाचा.”

त्या वर्षात तू भिंतीवरच्या कॅलेंडरवरून आकडे शिकली होतीस. तुझा वसंता तेव्हा सहावीत होता, त्यानं तुला सगळं पत्र वाचून दाखवलं असतं. तरी तू माझ्याकडे येत राहिलीस. पंधरा वर्षं. दर पत्राला तेच. आधी तारखेखाली बोट, मग “आता बाकीचं वाचा.” तुझ्या त्या बोटाचा मला राग यायचा. वाटायचं, ही मला दर वेळी कोर्टात उभी करते. कधी वाटायचं, नाही, ही मला एवढी एक जागा ठेवून देते आहे, जशी जातं थांबल्यावर दोन फेऱ्यांची ठेवली होती. दोन्हींतलं खरं कोणतं, मी विचारलं नाही. तू विचारलं असतंस तर मी कडाडून भांडले असते, आणि ते भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. तू शहाणी, विचारलंच नाहीस. याचाही मला हेवा वाटतो. तुझ्या जागी मी असते तर झिंज्या धरल्या असत्या.

तेराव्यानंतर चौथ्या दिवशी कुसुम एक पाकीट घेऊन आली. तुझी ही सून मॅट्रिक झालेली, माझ्यापेक्षा चांगलं वाचते. पाकीट फोडलेलं नव्हतं. म्हणाली, “मोठ्या माय, आत्याबाईचं सांगनं होतं, रेडिओचं पत्र आधी तुमच्याकडंच न्यायचं.”

मी ते उघडलं. तारखेखाली बोट ठेवलं. माझंच बोट, पण ठेवलं तुझ्यासारखं. मग मोठ्यानं वाचलं, तारखेपासून सहीपर्यंत. आखाजीचं गाणं आहे, अनसूयाबाईंनी यावं. कुसुम उंबऱ्याशी उभी राहून ऐकत होती.

त्यांना कळवायला हवं होतं. मी पोस्टकार्ड मागवलं. लिहिलं, अनसूयाबाई वारल्या, आता त्यांच्या नावानं पत्र पाठवू नये. एवढंच झालं आणि खाली बरीच जागा उरली. त्या जागेत मला लिहायचं होतं की आखाजीच्या ओवीची दुसरी ओळ त्यांच्या जावेची आहे. पेन टेकवलं. मग वाटलं, हे लिहायचं तर दुसरंही लिहायला हवं, की त्या वर्षी अनसूयाबाई तीन दिवस उशिरा का आल्या. त्यांनी तुला बेफिकीर ठरवलं असेल. एक लिहून दुसरं लपवलं तर मी पुन्हा चोवीसच वाचली असं होईल. कार्डावर दोन्ही मावत नव्हतं. म्हणून त्यांना एकही लिहिलं नाही आणि तुला हे लिहायला बसले.

ती ओळ माझी आहे. तू मेलीस म्हणून मी ती तुझ्या नावावर सोडणार नाही. पण तू ती उचलली नसतीस तर ती जात्याबरोबर कोपऱ्यात पडून राहिली असती, हेही खरं. त्या जात्याची वरची तळी आता अंगणात उलटी पडली आहे, तिच्यावर बसून घरातली सगळी दात घासतात. आणि माझ्या भावाचे बैल नागपुरापर्यंत जाऊन आले. मी त्यांना खामगावच्या पुढं नेऊ शकले नसते.

कार्ड कुसुमकडे दिलं. तिनं वाचलं आणि परत माझ्यापुढं धरलं. “मोठ्या माय, तारीख राह्यली.”

मी भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले. चांगला डोळा जवळ नेऊन, बोट ठेवून पाहिलं. मग कार्डाच्या कोपऱ्यात तारीख घातली, अनसे. खरी घातली.